तोंडातून शब्द गेला



कार्यक्रमपत्रिकेत विषय 'संस्कृती आणि रोजचं बोलणं' असा छापलाय. मी काही भाषेचा अभ्यासक नाही. भोसरीतल्या एका कारखान्यात, कामगार विभागात माझी नोकरी झाली आणि लोकांची भांडणं कागदावर उतरवण्यात बरीच वर्षं गेली. तेव्हा भांडणापासूनच सुरुवात करतो.

नागपूरचा एक पोरगा आणि साताऱ्याचा एक, दोघे साधारण एकाच वयाचे, एकाच लाइनवर. सेकंड शिफ्टला साताऱ्याचा काहीतरी विचारायला गेला. नागपूरकर मान वर न करता म्हणाला, "थांब ना बे." झालं, गचांडी धरली गेली. नागपूरकडे 'बे' म्हणतात ते दोस्ताला. साताऱ्याच्या कानाला मात्र तो सरळ अपमान. आणि गंमत बघा, ह्याच सातारकराच्या तोंडी दिवसभर ज्या शिव्या असत, त्या त्याच्या हिशेबी मायेच्या होत्या!

दोघांना चार्जशीट मिळाली. चौकशीत सातारकर म्हणाला, "मला राग आला आणि हात गेला." चौकशी अधिकारी जबाब इंग्रजीत लिहून घेत होते. त्यांच्या कागदावर जे उतरलं त्याचं पुन्हा मराठी केलं, तर ते असं होतं : "मी रागावलो आणि मी त्याला मारलं." घटना तीच, पण कागदावरचा माणूस निराळाच झाला. पहिल्या वाक्यात राग बाहेरून आलाय आणि हात आपणहून गेलाय. दुसऱ्यात सगळं ह्यानंच केलंय.

मराठीत भूक लागते, ताप येतो, तसाच राग येतो. भीती वाटते, कंटाळा येतो, आनंद होतो आणि आपण नुसते 'मला' म्हणून उभे. 'रागावलो', 'घाबरलो' हे शब्द आपल्याकडे नाहीत असं नाही. पण कबुली द्यायची वेळ आली की तोंडातून शब्द 'जातो', हातून चूक 'होते'. आमच्या साहेबांना ही पळवाट वाटे. मला तसं कधी वाटलं नाही. तो पोरगा काही नाकारत नव्हता, त्याला लाज वाटत होती आणि ती सांगायची त्याची रीत ही होती. शेवटी वॉर्निंग लेटरवर भागलं. माफीनाम्याचा मजकूर मीच लिहिला, दोघांनी सह्या केल्या. खरी माफी दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये झाली. नागपूरकरानं डबा पुढे सरकवला, "घे ना." बस्स, एवढंच.

आपला हा पिंपरी-चिंचवडचा पट्टाच तसा आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी, 1970 ला नगरपालिका, 1982 ला महापालिका. खेड-मावळच्या बोलीवर खानदेशाचं 'शे', विदर्भाचं 'मले', लातूर-नांदेडचं 'काय करायलास' येऊन बसलं. त्यामुळे पुण्याच्या कानाला जे उद्धट वाटतं, ते बोलणाऱ्याला पुष्कळदा आपुलकीचं वाटत असतं.

अशा आपुलकीच्या जवळ जाणारा एक जपानी शब्द आहे, 'आमाए'. जपानी कामाच्या पद्धतीबरोबर चाकणच्या कारखान्यांत 'कायझेन', म्हणजे सततची सुधारणा आली, पण हा शब्द काही फळ्यावर लिहिला गेला नाही. ताकेओ दोई ह्या जपानी मनोविकारतज्ज्ञानं 1971 साली त्यावर पुस्तक लिहिलं. समोरचा आपले लाड पुरवणारच, हे गृहीत धरून त्याच्यावर विसंबणं, असा काहीसा त्याचा अर्थ. मला त्याच्याजवळचं आपलं 'रुसणं' वाटतं. रागवायला कोणीही चालतं. रुसायला समजूत काढणारा लागतो. परक्यावर कोण रुसेल? आमचे ऑपरेटर तर "मशीन आज रुसलंय" म्हणायचे आणि खंडेनवमीला त्याच मशीनला हार घालायचे.

काही माया तर शब्दांत येतच नाही. चाकणमध्ये कॉट बेसिसच्या खोलीत राहणारा लातूरकडचा एक पोरगा जिन्यात बसून आईशी फोनवर बोलत होता. मी वरच्या मजल्यावर कोणाकडे तरी गेलो होतो, उतरताना कानावर पडलं. "जेवलीस का गं? काय केलं होतं? पाऊस पडायलाय का तिकडं?" मग, "ठेवू का?" बहुधा तिकडून 'ठेव' आलं असावं. पण फोन कानालाच. तळमजल्यावर पोचून मी वर पाहिलं, तरी कानालाच. 'आठवण येते' हे शब्द काही त्याच्या तोंडून आले नाहीत. त्या माउलीला ते ऐकायला आले असते, तर ती घाबरून पहिल्या एसटीनं चाकणला आली असती.

अशुभ तोंडातून काढायचं नाही, ही आपली जुनी शिकवण. दुकान बंद होत नाही, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नोकरीवरून काढलं तर 'नारळ दिला'. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानं 240 दिवसांच्या सेवेला वजन दिलं, तेव्हा टेम्पररी पोरांना त्याच्या आतच थांबवायची पद्धत पडली. त्यालाही गोड नाव, 'ब्रेक'. गेटपास आणि सेफ्टी शूज माझ्या टेबलावर ठेवून पोरं म्हणत, "येतो साहेब." मी "या" म्हणायचो. मस्टरवर नाव पुन्हा चढणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असे.

एक जण मात्र आला. दोन वर्षांनी, लग्नाची पत्रिका घेऊन. वॉचमननं गेटवर अडवून विचारलं, काय काम आहे? तो म्हणाला, "साहेबांना सांगा, येतो म्हणून गेलो होतो."