घरातली तालीम : ऑस्कर पीटरसन यांची संगीतसाधना



जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातून उदयास आलेले संगीत. त्यात वादकाच्या उपजेला मोठे स्थान असल्यामुळे आपल्याकडील मैफलीच्या श्रोत्याला ते अगदीच परके वाटू नये. या संगीतातील थोर पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२५ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे झाला.

वडील डॅनियल रेल्वेगाडीत प्रवाशांच्या सेवेला असणारे पोर्टर. पगार बेताचा, मुले पाच. या गृहस्थाने स्वतःच्या प्रयत्नाने वाद्य शिकून घेतले आणि मुलांनाही शिकवले. फेरीवर निघताना प्रत्येकाला धडा नेमून द्यायचा आणि परतल्यावर तो वाजवून घ्यायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. ऑस्कर आधी ट्रम्पेटही वाजवत असे. पण सातव्या वर्षी क्षयाने गाठले, दीर्घकाळ रुग्णालयात काढावा लागला आणि फुंकून वाजवायचे वाद्य कायमचे सुटले. याच रोगाने थोरला भाऊ फ्रेड दगावला. उरला पियानो. तो थोरल्या बहिणीने, डेझीने, शिकवला.

पुढे पॉल द मार्की हे हंगेरियन गुरू लाभले. त्यांचे गुरू इश्तवान तोमान, आणि तोमानांचे गुरू साक्षात फ्रान्झ लिस्ट! घराण्याची महती जाणणाऱ्या आपल्या समाजाला या परंपरेचे मोल वेगळे सांगायला नको. पीटरसन यांच्या बोटांतील विलक्षण वेगामागे अभिजात संगीताची ही कसून तालीम होती.

मुलगा जरा गर्वाने फुगू लागला, तेव्हा वडिलांनी आर्ट टेटम यांची ध्वनिमुद्रिका आणून ऐकवली. ऑस्करला वाटले, दोघे जण वाजवत आहेत. वादक एकच आहे असे कळताच तो रडला आणि कित्येक दिवस त्याने पियानोला हात लावला नाही.

चौदाव्या वर्षी नभोवाणीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्यावर त्याने शाळा सोडण्याचा हट्ट धरला. शाळेच्या व्यासपीठावरून सांगण्यास ही गोष्ट किंचित अवघडच! वडिलांनी संमती दिली, पण नुसता वादक होण्यासाठी नव्हे. सर्वोत्तम होणार असशील तरच, अशा अटीवर. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले, आणि पुढे जगभर कीर्ती, मानसन्मान सारे ओघाने आले.

१९९३ मध्ये पक्षाघाताने डावा हात दुबळा झाला. दीर्घ उपचारांनंतरही त्यात पूर्वीची ताकद आली नाही. तरीही पीटरसन मंचावर परतले; डाव्या हाताचा बराचसा भार उजव्याने उचलला. २३ डिसेंबर २००७ रोजी त्यांचे निधन झाले.

डेझीताईंना मात्र ९७ वर्षांचे आयुष्य लाभले. धाकट्या भावाला शिकवणाऱ्या या बहिणीने माँट्रियलमधील कितीतरी मुलांना पियानोवर बसवले. नामवंत जॅझवादक ऑलिव्हर जोन्स हेही त्यांचेच विद्यार्थी.