एक कोयता, दोन रोगी

(जांब समर्थ येथील व्याख्यान)



समर्थ रामदासांच्या या जन्मगावात बलोपासनेचा गौरव नित्य होतो. शरीराच्या एका दुखण्याविषयी मात्र चारचौघांत शब्द निघत नाही. गरमी, परमा आणि संभोगातून पसरणारे तत्सम रोग आज वाढत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली १५ ते ४९ वयोगटातील ८० लाख स्त्रीपुरुषांना नव्याने गरमी झाली. पूर्वीपेक्षा ही संख्या सुमारे १० लाखांनी अधिक होती.

उपाय नाही म्हणून हे घडते काय? मुळीच नाही. पेनिसिलिन गरमीवर गुणकारी असल्याचे १९४३ सालीच दिसून आले. प्रारंभीच्या अवस्थेत त्याचे एक इंजेक्शन पुरते. अडते ते लज्जेपाशी आणि रोजगारापाशी.

गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी केलेली पाहणी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक रोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के. यातील प्रत्येक रोग संसर्गाचा नव्हे, परंतु उपेक्षा सर्वांची सारखीच. शिवाय स्त्रीच्या शरीरात संसर्ग पुष्कळदा लक्षणांवाचून राहतो आणि गर्भालाही बाधतो.

मराठवाड्यातून दरसाल ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडे पाहा. मुकादम नवराबायको मिळून ‘एक कोयता’ मोजतो. उचल दोघांवर, खाडाही दोघांचा. दवाखान्याची वाट धरणे म्हणजे मजुरी बुडविणे आणि वर खाड्याची रक्कम भरणे. मजुरीत जोडपे एक. आजारात मात्र बाई एकटी. तिने पांढरे जात असल्याचे सांगितले की संशय तिच्या चारित्र्यावर. पुरुष गुपचूप गोळ्या घेऊन मोकळा. एकावर उपचार झाले आणि दुसरा तसाच राहिला, तर रोग परततो. उपचाराचा पैसा वाया जातो आणि कर्ज तेवढे उरते.

म्हणून मागणी साधी आहे. हंगामापूर्वी गावातच जोडप्याची एकत्र तपासणी व्हावी, गरोदर स्त्रीचे रक्त गरमीसाठी अवश्य तपासावे, सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’ची मोफत औषधे फडापर्यंत पोहोचावीत, आजाराच्या दिवसाचा खाडा बंद व्हावा. निरोध मागणाऱ्याकडे कुणी वाकड्या नजरेने पाहू नये.

र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक आरोग्याविषयी उघड लिहिले. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली डॉ. आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. आज या विषयावर बोलणाऱ्यास खटल्याचे भय नाही. तेव्हा येत्या ग्रामसभेत बायाबापड्यांसमोर हा विषय नाव घेऊन मांडावा, आणि मुकादमाशी करार होण्यापूर्वी खाड्याचा प्रश्न निकालात काढावा.