घरात पिस्तूल असावे काय, आणि असावे तर कोणते?
(नारायणगड येथे भरलेल्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



गडावर येऊन शस्त्राविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. नगद नारायण महाराजांच्या या स्थानास लोक धाकटी पंढरी म्हणतात. येथे टाळ-मृदंगाचा विषय शोभावा. परंतु कार्यकारी मंडळाने विषय विचारला तेव्हा आम्ही मुद्दाम हाच घेतला, कारण गेल्या वर्षभरात आमच्या ओट्यावर येऊन बसलेल्या निदान दहा-बारा पालकांनी आम्हांस एकच प्रश्न केला : “गुरुजी, पोरगा पिस्तुलाचा परवाना काढायचा म्हणतो. काय करावे?”

प्रश्न पोकळ नाही. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातील लाखो माणसे कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे वाड्या-वस्त्यांवर म्हातारी माणसे व शाळेची लेकरे एवढीच उरतात. चोरांस ही गोष्ट आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

आमच्या स्वतःच्या घरी गेल्या मार्गशीर्षात असे घडले. आमची वस्ती मळ्यात आहे. रात्री दोनच्या सुमारास चौघे जण मागचे दार उचकटून आत आले. कुटुंबाच्या गळ्यातील पोत त्यांनी ओढून घेतली. मानेवरचा वळ पंधरा दिवस दिसत होता. आम्ही हातात काठी धरून उभे होतो. केवळ उभे होतो, हे सांगण्यास आज लाज वाटत नाही. त्या वेळी वाटली. दुसऱ्या दिवशी पुण्याहून चिरंजीव आले. त्यांनी मोबाईलवर एका मोठ्या आकाराच्या पिस्तुलाचे चित्र दाखविले. एका वेळी सतरा गोळ्या भराव्यात, माथ्यावर बोटभर रुंदीची एक काच बसवावी, आणि काचेत लाल ठिपका दिसेल तेथे गोळी जावी, अशी त्याची ख्याती. “दादा, हे घरात असते तर?” असे ते म्हणाले. या ‘तर’चा आम्ही सहा महिने अभ्यास केला. त्याचे फलित आपणांपुढे ठेवतो.

पहिली अडचण कायद्याची आहे. चित्रातील बहुतेक पिस्तुले ९ मि.मी.ची असतात. सैन्य व पोलीस वापरतात ते ९ मि.मी.चे काडतूस ज्यात चालेल, असे पिस्तूल आपल्या देशात प्रतिबंधित वर्गात मोडते. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. तो विषय केंद्र सरकारच्या गृहखात्याचा आहे, आणि सामान्य गृहस्थास तो मिळत नाही. परदेशी शस्त्रे मागविण्याची वाटही १९८० नंतरच्या दशकात सर्वसामान्यांस बंद झाली. नामवंत नेमबाजांस मात्र सवलत आहे. मग आपल्यासाठी उरते काय? तर .३२ चे पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर. ही बहुतांशी सरकारी शस्त्र-कारखान्यांत तयार होतात. किंमत लाखाच्या आगेमागे पडते. माथ्यावर काच बसविण्याची सोय त्यांवर सहसा नसते. म्हणजे चिरंजीवांच्या चित्रातील वस्तू दुकानात नाही. येथे हा विषय संपला असता, परंतु.३२ का होईना, घ्यावे की नाही, हा प्रश्न राहिलाच.

पुण्याच्या एका रायफल क्लबात ओळख काढून, रीतसर परवानगीने आणि क्लबच्याच शस्त्राने, आम्ही एक सकाळ घालविली. शस्त्राच्या आकाराचे मर्म तेथे उमगले. लहान पिस्तूल खिशात मावते म्हणून लोकांस आवडते. परंतु ते हलके असल्याने झटका हातास जास्त बसतो. शिवाय मागची खाच आणि पुढची माशी यांतील अंतर थोडे असल्याने नेमातील बारीक चूक निशाणावर मोठी होऊन दिसते. मोठे, वजनदार पिस्तूल हातात स्थिर राहते. तेव्हा घरात ठेवावयाचे, अंगावर बाळगावयाचे नाही, असे ज्यास वाटते त्याने आकाराने मोठे घ्यावे, हे मत आम्हांस पटले. कानपूरच्या कारखान्याने २०१४ साली ‘निर्भीक’ नावाचे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे .३२ रिव्हॉल्वर स्त्रियांसाठी म्हणून काढले. पर्सला सोयीचे खरे, पण नवशिक्याच्या नेमाला हलकेपणा मानवत नाही, असे आमचे मत आहे.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. नेम धरताना खाच, माशी आणि निशाण अशा तीन वस्तू एका रेषेत आणावयाच्या, आणि दृष्टी माशीवर ठेवावयाची. हात लांब केला की माशी डोळ्यापासून दोन-अडीच फुटांवर येते. आमचा वाचण्याचा चष्मा त्याहून जवळचे दाखवितो, आणि लांबचा चष्मा लांबचे. माशी नेमकी दोन्ही चष्म्यांच्या मधल्या धुक्यात! लाल ठिपक्याच्या काचेची सोय याचसाठी आहे. तेथे दृष्टी निशाणावरच ठेवावयाची. ठिपका त्यावर तरंगताना दिसतो. क्लबातील एका सरावाच्या हवेच्या पिस्तुलावर तशी काच होती, ती आम्ही लावून पाहिली. वृद्धांच्या डोळ्यांस ती खरोखरच वरदान आहे. मात्र ठिपका हाताचा कंप लपवीत नाही. आमच्या हातात तो पोळ्यातल्या माशीसारखा भिरभिरत होता. बॅटरी संपली की तोही जातो.

मग दहा मीटरवरून आम्ही .३२ च्या दहा गोळ्या झाडल्या. आमच्या अंगणाची लांबी साधारण तेवढीच आहे. चार गोळ्या कागदाच्या बाहेर गेल्या. तेथे कागदामागे मातीचा उंच बांध होता. आमच्या घरी पडवीला पत्रा आहे, आणि पत्र्यामागे नातवंडे निजतात. पत्रा गोळी अडवीत नाही. ही सकाळची वेळ होती, अंगात भीती नव्हती, पाठीशी शिक्षक उभे होते. तरी दहांत चार.

घरी परतल्यावर आणखी एक प्रयोग केला. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी अर्जदारास द्यावी लागते. म्हणजे ते कुलपात हवे, आणि गोळ्या वेगळ्या ठेवणे शहाणपणाचे. आम्ही शाळेतील लाकडी पट्टी कपाटात कुलूपबंद केली, रात्री दिवा मालवला, आणि कुटुंबास घड्याळ धरावयास सांगितले. चष्मा, किल्ली, कपाट, पट्टी : एक मिनिट चाळीस सेकंद! चोरांनी आमचे दार याहून लवकर उघडले होते. सौभाग्यवती एवढ्या हसल्या की त्या रात्रीनंतर प्रथमच घरात हसू ऐकू आले.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी एक मुद्दा विशेष ध्यानात घ्यावा. परवाना एका माणसाच्या नावाचा असतो. तो कारखान्यावर गेला की घरातील पिस्तूल बायको-मुलांच्या उपयोगाचे राहात नाही; ज्याचा परवाना, त्याच्याच हाती शस्त्र, असा कायदा आहे. ज्या चार-पाच महिन्यांसाठी ते घेतले, नेमके त्याच महिन्यांत ते निरुपयोगी. आणि बंद घर फुटले तर चोराच्या हाती आयते शस्त्र पडते, ते वेगळेच.

आत्मसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. रात्रीच्या घरफोडीपासून मालमत्तेचे रक्षण करताना प्राणघातक बळ वापरण्याची मुभाही ४१ व्या कलमात, काही मर्यादांसह, आहे. परंतु जरुरीपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि जरूर किती होती हे पुढे न्यायालय ठरविते. पळत्या चोराच्या पाठीत मारलेल्या गोळीचा जबाब देणे फार कठीण आहे.

आता थोडे कडू बोलतो. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यानंतर आपल्या जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांचा आकडा साऱ्या महाराष्ट्रास कळला. बाराशेंहून अधिक! पुढे छाननी होऊन शंभराहून अधिक रद्द झाले. यांतले किती घराच्या रक्षणासाठी होते आणि किती वरातीत कमरेला लावून फोटो काढण्यासाठी होते, हे आपण जाणता. आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने नातलगाचे पिस्तूल हातात घेऊन चित्रफीत काढली. मुलगा गणितात हुशार होता, आज तो तारखांना जातो. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात बेफिकिरीने केलेल्या गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, वा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. आपल्या मंडळाने लग्नपत्रिका छापण्यापूर्वीच हे कलम वधूवरांच्या घरी कळवावे, अशी आमची सूचना आहे. ती मागील सभेत मांडली तेव्हा कोणी अनुमोदन दिले नाही.

मुलांस नेमबाजीचा शौक असेल तर त्यास आमचा विरोध नाही; उलट तो वाढावा. भारतीय राष्ट्रीय रायफल संघाची स्थापना १९५१ साली झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली जकार्ता-पालेमबांग येथील आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. ते .२२ च्या पिस्तुलाने. आणि त्या खेळात लाल ठिपक्याची काच चालतच नाही, उघडी खाच व माशीच लागते. सुरुवात मात्र ०.१७७ च्या हवेच्या पिस्तुलाने करावी. मर्यादित शक्तीच्या अशा पिस्तुलास शस्त्रपरवाना लागत नाही. दहा मीटरवरील निशाणाचा दहा गुणांचा गोल अवघा साडेअकरा मिलिमीटरचा असतो. तो साधण्यास जो मुलगा दोन वर्षे श्वास आवरून उभा राहील, त्याला वरातीत मिरविण्यास वेळच मिळणार नाही.

आमच्या घरी शेवटी काय ठरले, हे विचाराल. मागच्या दाराला लोखंडी सळ्या व आतून अडसर बसविला, अंगणात सौर दिवा लावला, एक कुत्रे पाळले, ११२ हा क्रमांक सर्वांच्या मोबाईलवर वर ठेवला, आणि शेजारच्या तीन वस्त्यांशी रात्रीच्या हाकेचा करार केला. या सर्वांस पिस्तुलाच्या निम्मेही पैसे लागले नाहीत. चिरंजीवांना हे अजून पुरतेसे पटलेले नाही. परवान्याचा कोरा अर्ज त्यांनी आमच्याच टेबलाच्या खणात ठेवला आहे, आणि आम्ही तो फाडलेला नाही. एखाद्याचे घर खरोखरच एकटे असेल, जिवाला धोका असेल, तर त्याने अर्ज अवश्य करावा. वय एकवीस पूर्ण हवे, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण हवे, पोलीस चौकशी होईल, आणि मिळालेला परवाना पाच वर्षांचा असेल.

२०१६ च्या शस्त्र नियमांची प्रत आम्ही बरोबर आणली आहे. ज्यांना अर्जाचा नमुना पाहावयाचा असेल, त्यांनी पंगत उठल्यावर दर्शनमंडपाच्या उजव्या बाजूस यावे; चष्मा मात्र स्वतःचा आणावा.