ऐकण्याची विद्या

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत गत वर्षांचा गौरव व्हावा अशी रीत आहे, व माझ्या आधीच्या वक्त्यांनी तो उत्तम प्रकारे केला आहे. मजवर सोपविलेला विषय पुढील काळाचा आहे. समुपदेशन मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे काय, आणि आपल्या धर्मग्रामातील मुलामुलींनी ते घ्यावे की काय, ह्याविषयी चार शब्द बोलावे अशी समितीची आज्ञा आहे. मनोरा, घंटा व शाळा ह्यांच्या गोष्टी चालल्या असता हा विषय कित्येकांस परका वाटेल. तो परका नाही, हेच मला दाखवावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. ‘समुपदेशन’ ह्या शब्दात उपदेश आहे, म्हणून समुपदेशक म्हणजे उपदेश करणारा असा समज होतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. उपदेशाची घाई आवरणे हाच ह्या विद्येचा पहिला धडा होय. दुःखितास आपले दुःख आपल्याच शब्दांत मांडता यावे, त्यातील गुंता त्याचा त्यास दिसावा व पुढचे पाऊल त्याने स्वतः ठरवावे, एवढ्यासाठी त्याजबरोबर बसतो तो समुपदेशक. ईयोबाची कथा आपणांस ठाऊक आहे. त्याचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याजजवळ भूमीवर मुकाट्याने बसून राहिले. त्यांची खरी सेवा तीच. पुढे त्यांनी तोंड उघडून कारणे सांगण्यास आरंभ केला, आणि ईयोबाचे दुःख दुणावले.

ह्या शास्त्राचा इतिहास फार जुना नाही. 1908 साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी फ्रँक पार्सन्स ह्यांनी तरुणांस योग्य व्यवसाय निवडण्यास साह्य करणारी एक कचेरी उघडली. तेथून ह्या मार्गदर्शनास शास्त्राचे रूप येऊ लागले. पुढे कार्ल रॉजर्स हे मोठे नाव आले. ते तरुणपणी धर्मोपदेशक होण्याच्या हेतूने न्यूयॉर्क येथील ईशज्ञान विद्यालयात दोन वर्षे शिकले व नंतर मानसशास्त्राकडे वळले. 1942 साली त्यांनी एका रुग्णाबरोबर झालेल्या सर्व बैठकींचे ध्वनिमुद्रणावरून उतरविलेले संभाषण ग्रंथात छापले. बंद खोलीत काय बोलले जाते ते प्रथमच अभ्यासकांपुढे उघडे झाले, व ही कला शिकविता येते हे दिसून आले. ऐकणाराचे अंतर्बाह्य एकरूप असणे, समोरच्याविषयी निरपेक्ष आदर, आणि त्याच्या जागी उभे राहून त्याचे जग पाहणे, ह्या तीन गुणांवर त्यांचा भर होता.

आपल्याकडेही हा प्रवाह लवकरच आला. मुंबईत 1931 साली जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो ह्यांनी शिकागो येथे मानसशास्त्राचा अभ्यास केला व परतल्यावर पुणे येथे, पुढे लोणावळ्यास, ‘साधना’ संस्थेच्या द्वारे धर्मगुरू व व्रतस्थांस ह्या कार्याचे शिक्षण दिले. आज मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, ख्रिस्ती व्रतस्थांनी चालविलेले बंगळूरचे ख्राइस्ट विद्यापीठ, अशा ठिकाणी प्रापंचिकांसही ही वाट मोकळी आहे.

आता दोन वर्षांत शिकवितात काय? व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत, बाल्यापासून वार्धक्यापर्यंत मनाची वाढ, मनोविकारांची लक्षणे, चाचण्या, कुटुंबाशी व गटाशी करावयाचे काम, आणि व्यवसायाची नीती, हा पुस्तकी भाग झाला. परंतु खरे शिक्षण त्यापुढचे आहे. विद्यार्थ्यास शाळेत, रुग्णालयात किंवा वस्तीत प्रत्यक्ष माणसांसमोर बसावे लागते. झालेल्या संभाषणाचे टिपण तो अनुभवी मार्गदर्शकापुढे ठेवतो, आणि ओळीओळीवर विचारणा होते: येथे तू मध्येच का बोललास? हे अश्रू पाहून तू विषय का बदललास? हे समाधान तू त्या बाईंस दिलेस, की स्वतःची अस्वस्थता झाकलीस? ह्या प्रश्नांनी विद्यार्थ्यास प्रथम स्वतःचे मन उलगडते. ज्यास स्वतःच्या जखमा ठाऊक नाहीत, तो दुसऱ्याच्या जखमेवर हात ठेवताना आपलेच दुखणे कुरवाळीत बसतो.

कोणी म्हणेल, आमच्या आजीने कोठे पदवी घेतली होती? ओटीवर बसून तिने साऱ्या वाडीची भांडणे मिटविली! हे खरे आहे, व त्या आजीस माझे वंदन असो. परंतु सुईणीचा हातही गुणाचाच होता, तरी आज आपण लेकीस बाळंतपणाकरिता रुग्णालयात नेतो. प्रेम कमी झाले म्हणून नव्हे, तर कोठे प्रेमाने भागत नाही हे कळले म्हणून. शिवाय आजीची ओटी आता राहिली कोठे? मुलगा आखातात, सून नोकरीवर, नातू बंद दाराआड. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने 2015-16 मध्ये 12 राज्ये पाहिली. शंभर प्रौढांत दहाहून अधिकांस कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि बहुतेक विकारांत शंभरांतील सत्तरांहून अधिक रुग्ण उपचारावाचून होते.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. कुमसार असता समुपदेशक कशास? दोहोंचे प्रयोजन भिन्न आहे. कुमसारात पापाची क्षमा मिळते. परंतु खिन्नतेचा विकार हे पाप नव्हे, आणि जे पाप नव्हे त्याची क्षमा कशी मागावी? कुमसाराचे गुपित कोणत्याही कारणाने फुटत नाही. समुपदेशकाचे गुपित मोठे असले तरी त्यास मर्यादा आहे. जीव धोक्यात असेल, अथवा बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर त्यास योग्य ठिकाणी सांगावेच लागते. बालकांविषयी तसे 2012 च्या कायद्याचे बंधन आहे. ही मर्यादा तो पहिल्याच भेटीत स्पष्ट करतो. खुद्द ख्रिस्तसभेने 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मानसशास्त्राचे ज्ञान पालकीय कार्यात वापरावे असे सांगितले आहे. तिचा स्वतःचा प्रवासही पाहा. 1917 च्या कॅनन कायद्यात जाणूनबुजून आत्मघात केलेल्यास, पश्चात्तापाचे चिन्ह नसल्यास, ख्रिस्ती दफन नाकारले होते. 1983 च्या संहितेत तो उल्लेख राहिला नाही, आणि गंभीर मनोव्यथेने मनुष्याचा दोष उणावतो असे धर्मशिक्षणाचा 1992 चा ग्रंथ सांगतो. आपल्या वाड्यांत मात्र अशा घरची माणसे अद्याप मान खाली घालून चालतात.

ज्या आईबापांची मुले ह्या मार्गाने जाऊ इच्छितात, त्यांस दोन सूचना. पहिली, प्रवेशापूर्वी प्रत्यक्ष कामाचे तास किती व देखरेख कोणाची हे विचारा. ज्या अभ्यासक्रमात ह्याचे उत्तर नाही तो कागदाचा होय. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 साली मानसशास्त्राचे शिक्षण दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली, ती ह्याच जातीच्या काळजीने. दुसरी, आपली सीमा ओळखणे मुलास शिकवा. औषध देणे हे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचे काम. समुपदेशकाने रुग्णास वेळीच त्यांजकडे पाठविणे ह्यात कमीपणा नाही.

आता मागणे मागतो. महोत्सव निधीतून जे उरेल, त्याचा एक भाग दरवर्षी ह्या शिक्षणास जाणाऱ्या एका विद्यार्थ्यास मिळावा. सभागृहामागील लहान खोली, जिचे दार रस्त्यावरून दिसत नाही, ती ह्या कार्यास द्यावी. दोन खुर्च्या व एक पंखा एवढे सामान पुरे. आणखी एक गोष्ट. ह्या विद्येचा नियम असा की आप्तांचे व ओळखीच्यांचे समुपदेशन करू नये. तेव्हा आपला शिकलेला मुलगा शेजारच्या धर्मग्रामात बसेल व तेथील कन्या आपल्याकडे येईल. तोवर कोणावर कठीण रात्र आली, तर केंद्र सरकारने 2022 साली सुरू केलेल्या ‘टेली मानस’ ह्या विनामूल्य दूरध्वनी सेवेचा क्रमांक 14416 प्रत्येकाने लिहून ठेवावा.

पन्नास वर्षे आपली घंटा लोकांस बोलावीत आली आहे. बोलावलेला मनुष्य येऊन बसला, आणि त्यास काही सांगावयाचे असले, तर ते नीट ऐकून घेणारे कान तयार करणे हे येत्या पन्नास वर्षांचे काम आहे. ते आपल्या हातून घडो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.