जिप्सी, थार की सफारी? जुनी फोर बाय फोर घेण्याआधी हे ऐका

आज अशा प्रश्नावर बोलायचंय जो मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. शब्द थोडे बदलतात, प्रश्न तोच. "दादा, चार-पाच लाख जमलेत. नवी थार परवडत नाही. जुनी फोर बाय फोर घ्यायची आणि हळूहळू तयार करायची. जिप्सी घेऊ, जुनी थार घेऊ की सफारी?"

ही बहुतेकांची पहिली मोठी बचत असते. तीन-चार वर्षं पगारातून बाजूला काढलेली, घरच्यांचा विरोध पत्करून गाडीत घालायची ठरवलेली. अशी गाडी दीड वर्ष गॅरेजच्या मागे विटांवर उभी राहिली की पैसे तर अडकतातच, पण घरात तुमच्या शब्दाची किंमतही जाते. म्हणून आज घाई न करता सगळं नीट बघू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुन्या गाडीत जवळजवळ सगळं दुरुस्त होतं. इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स उघडता येतो, सीट शिवून घेता येतात. दोनच गोष्टी अशा आहेत ज्यांच्यापुढे मिस्त्री हात टेकतो: आतून खाल्लेली चासी आणि बिघडलेले कागद. त्यामुळे कुठली गाडी हा प्रश्न दुसरा. समोर उभी असलेली ही एक गाडी या दोन परीक्षांत पास होते का, हा पहिला.

चासीपासून सुरुवात करू. या तिन्ही गाड्या शिडीसारख्या चासीवर बांधलेल्या आहेत. खाली दोन लांब लोखंडी पट्ट्या, मध्ये आडवे दांडे, आणि त्यावर बॉडी बसवलेली. बॉडीचा पत्रा कुजला तर बदलता येतो, चासी कुजली तर गाडीचा कणाच गेला. कोकणात, मुंबईत, गोव्यात समुद्राजवळ राहिलेली गाडी असेल तर खारी हवा आणि पाऊस दोन्हींनी काम केलेलं असतं. गंज बाहेरून आत जातो तसा आतून बाहेरही येतो, कारण चासीच्या पोकळीत चिखल साचून राहतो.

गाडी बघायला जाताना एक टॉर्च, एक छोटी हातोडी आणि अंगावर जुने कपडे. मालकाला विचारून गाडीखाली झोपायचं. मागच्या पाट्यांचे शॅकल जिथे चासीला जोडलेत, स्टीअरिंग बॉक्स जिथे बसवलाय, बॉडीचे माउंट जिथे आहेत, तिथे हलके ठोकत जायचं. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळाले तर सावध व्हा. आणि खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर आणखी सावध. जुन्या गाडीची खालची बाजू मळलेली असणंच स्वाभाविक आहे. अगदी विकायच्या आठवड्यात कुणी ती रंगवली असेल, तर रंगाखाली काय आहे हे विचारायलाच हवं.

दुसरी परीक्षा कागदांची. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः गाडीवर शोधून जुळवा. फोटोवर विश्वास नको. इंजिन बदललेलं असेल आणि आरटीओत त्याची नोंद नसेल, तर पुढे पासिंगला तुम्हीच अडकणार. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून पासिंगची तारीख, विमा आणि कर्जाचा बोजा बघा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय व्यवहार नको. थकलेली चलनंही आधी भरून घ्या.

खाजगी गाडीचं पहिलं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. म्हणजे २०११ ची थार २०२६ मध्ये पंधरा वर्षांची होते. त्यानंतर गाडी आरटीओत नेऊन, तपासणी करून, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० झाली. आपल्याकडे महाराष्ट्रात जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर वेगळा. हे सगळं किमतीत धरायचं, नंतर आठवायचं नाही.

आता दिल्लीची गाडी. तिकडे दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिथल्या थार आणि सफारी इथे स्वस्तात दिसतात. गाडी चांगली असूही शकते. पण तिथल्या आरटीओची एनओसी हवी, इथे कर नव्यानं भरावा लागतो आणि एमएच नंबर मिळेपर्यंत खेटे घालावे लागतात. एनओसी 'येतेय' असं कुणी म्हणालं तर 'आली की फोन करा' म्हणायचं आणि निघायचं.

आणि पैसे दिले त्या दिवशी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. नाव लवकर बदललं नाही, तर त्या गाडीच्या अपघाताची जबाबदारी कागदावरच्या मालकावर येते. विकणाऱ्याच्या दृष्टीनं तो धोका आहेच, पण तुमच्या नावावर नसलेल्या गाडीत दोन लाख ओतणं हा तुमचाही धोका आहे.

या दोन परीक्षा झाल्या, आता गाड्या.

पहिली जिप्सी. १९८५ पासून आपल्याकडे. सुरुवातीला ९७० सीसी, मग १९९६ मध्ये जिप्सी किंग आली १,२९८ सीसीची. २००० च्या आसपास तिला एमपीएफआय इंजिन मिळालं, साधारण ८० बीएचपी. त्याआधीची कार्बोरेटरवाली साधारण ६० ची. गाडीचं वजन एक टनाच्या आसपास, आणि तिची खरी ताकद इथेच आहे. चिखलात जड गाडी रुतते, ही वरून निघून जाते. इंजिन एस्टीमच्या घराण्यातलं, त्यामुळे मिस्त्रीला नवीन नाही. उणं काय? पुढे-मागे पाटे, म्हणजे खड्डा थेट मणक्यात. मागे दोन बाकं समोरासमोर. एअरबॅग नाही, एबीएस नाही. पेट्रोल भरपूर पिते. आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा जुन्या गाडीचे रबरी होज आणि कार्बोरेटरचे रबरी भाग आधी बदलायचे. इंधन गळलं तर आगीशी गाठ असते.

लष्करी लिलावातली जिप्सी हा अनेकांचा आवडता विषय. स्वस्त मिळते, पण लिलावाचे कागद आणि नंतरचं नागरी रजिस्ट्रेशन पूर्ण आहे का, हे बघूनच. 'नंतर करून देतो'वर जिप्सी घेऊ नका.

दुसरी, जुनी थार. म्हणजे २०१० ते २०२० मधली, नव्या थारच्या आधीची. सीआरडीई मॉडेलमध्ये अडीच लिटरचं डिझेल, १०५ बीएचपी. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, मागे पाटे. २०१५ च्या बदलानंतर सीआरडीईला मागच्या बाजूला लॉक होणारं डिफरन्शियल मिळालं. एक चाक हवेत गेलं तरी दुसऱ्याला ताकद मिळते, हा त्याचा अर्थ. डीआय मॉडेल अगदी साधं, ताकद कमी, पण त्यात इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाही. थारची सगळ्यात मोठी बाजू म्हणजे महिंद्राचा फिटर तालुक्याच्या गावातही सापडतो. उणी बाजू अशी की जुन्या थारवर हौशी लोकांनी प्रयोग फार केलेत. मोठे टायर, उंच सस्पेन्शन, चार-चार जास्तीचे दिवे, आणि त्यासाठी कापून जोडलेलं वायरिंग. अशा गाडीत घालायच्या पैशापेक्षा काढायचं सामान जास्त निघतं.

तिसरी, सफारी. १९९८ मध्ये आली, २००७ नंतर २.२ लिटर डायकॉर, १४० पीएसची. मागे कॉइल स्प्रिंग, आत घरचे सगळे बसतात, लांबच्या रस्त्यावर या तिघींत सगळ्यात आरामदायी. पण वजन दोन टनांकडे जातं, आणि फोर बाय फोर डॅशबोर्डवरच्या बटणानं लागतं. म्हणजे मोटर, सेन्सर, वायरिंग आलं. वर्षानुवर्षं कुणी ते बटण फिरवलं नसेल तर मोटर जाम झालेली असू शकते. आणि 'फोर बाय फोर'चा बिल्ला बाजारात मिळतो. तो मागच्या दारावर आहे म्हणून खाली ट्रान्सफर केस आहे असं समजू नका. खाली बघा, आरसीवरचं मॉडेल बघा.

फोर बाय फोर तपासायचं कसं? माती किंवा गवत असलेली मोकळी जागा निवडा. डांबरावर नको. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये फरक सांभाळणारं डिफरन्शियल नसतं, कोरड्या रस्त्यावर वळवलं की सगळी यंत्रणा ताणली जाते. गाडी उभी करा, फोर-लो लावा. पुढच्या चाकांना हब लॉक असतील तर तेही लावा. हळूच पुढे, हळूच मागे, मग मोठं वळण. कटकट आवाज, गिअर निसटणं, ट्रान्सफर केसमधून घरघर, हे सगळं लिहून ठेवा. मग मिस्त्रीला पुढच्या हाउसिंगचं ऑइल थोडं काढायला सांगा. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. गाडी ओढ्यात घातली होती आणि नंतर कुणी बघितलं नाही, एवढं त्यावरून कळतं.

इंजिन सकाळी थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच ते गरम असेल तर का, ते विचारा.

आणि अर्धवट काम झालेली गाडी, जिला जाहिरातीत 'प्रोजेक्ट' म्हणतात. 'फक्त वायरिंग आणि रंग बाकी आहे.' असं असेल तर त्यानं ते पूर्ण करून जास्त किमतीला का विकली नाही? बहुतेक वेळा माणूस तिथेच थांबतो जिथून खरा खर्च सुरू होतो. सुटे भाग गोणीत भरून मिळत असतील तर मी तरी ती गाडी सोडतो. कुठला नट कुठला, हे फक्त उघडणाऱ्यालाच माहीत असतं.

पैशांचं गणित सरळ ठेवा. पाच लाख असतील तर गाडी साडेतीनची. उरलेल्या दीडमध्ये पहिला खर्च ब्रेक, स्टीअरिंगचे सांधे, टायर आणि सगळी ऑइलं. दुसरा कूलिंग, म्हणजे रेडिएटर आणि होज, कारण घाट चढताना आधी तेच बोलतं. तिसरा क्लच. रंग, बंपर, विंच सगळ्यात शेवटी. भाग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधता येतात, आणि लेथचं काम असेल तर कोल्हापूरचं उद्यमनगर आहेच.

बदल करताना कायदाही लक्षात ठेवा. कंपनीनं बनवलेल्या रचनेच्या विरुद्ध जाणारे बदल चालत नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. मूळ रूपात तयार केलेली गाडी पासिंगला त्रास देत नाही, आणि विकतानाही तिलाच गिऱ्हाईक मिळतं.

मग कुठली? माझं उत्तर असं. ही तुमची एकुलती एक गाडी असेल आणि तुम्ही मोठ्या शहरापासून दूर राहत असाल, तर कुणी फार हात न लावलेली थार. घरी दुसरी गाडी असेल, थोडं काम स्वतः शिकायची हौस असेल, तर एमपीएफआय जिप्सी. आई-बाबांना घेऊन लांब जायचं असेल तर सफारी, पण फक्त ती, जिची सर्व्हिसची बिलं मालक फाईलमधून काढून दाखवतो. आणि वर्षातून दोनदाच कच्चा रस्ता लागणार असेल तर कुठलीच नको. चांगल्या टायरची साधी बोलेरो तिथपर्यंत जाते आणि परतही येते.

शेवटी एवढंच. गाडी बघायला एकटे जाऊ नका, आणि टोकनचे पैसे खिशात घेऊन तर मुळीच जाऊ नका. एक रात्र मध्ये जाऊ द्या. सकाळीही ती गाडी तेवढीच बरी वाटली तर फोन करा. दरम्यान कुणी दुसऱ्यानं नेली तर नेऊ दे, जुन्या गाड्या संपत नाहीत.

तुमच्या डोक्यात एखादी ठरावीक गाडी असेल तर तिचं वर्ष, मॉडेल आणि खालून काढलेले फोटो पाठवा. वरून काढलेले नकोत, त्यात सगळ्याच गाड्या छान दिसतात. भेटू पुढच्या भागात.