मिरजनगरीत डॉक्टर प्रतिनिधींचे स्वागत

वैद्यकीय व्यवसायातील ताण सर्जनशील लेखनाने कसा हलका होऊ शकेल, याचा विचार करण्यासाठी मिरजेत जमलेल्या सर्व डॉक्टर प्रतिनिधींचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करीत आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय सुरू केले आणि पुढे १९३२ मध्ये आपले अनुभव ग्रंथरूपाने मांडले, त्यामुळे परिषदेच्या विषयाशी या नगरीचे नाते जुनेच आहे.

तथापि मिरजेचा खरा अभिमान तिच्या तंतुवाद्यांत आहे. शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. त्यांच्यातील फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वाद्यनिर्मितीकडे वळले, त्यांचे वंशज सतारमेकर म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि पंढरपूर परिसरातून येणाऱ्या भोपळ्यांपासून येथे घडलेले तंबोरे देशभरातील गवयांच्या मागे वाजू लागले. तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग कानशीने किंचित उतरता करून तारेला गुंजन आणणे, यास जवारी काढणे म्हणतात. त्यासाठी कारागीर थोडे घासतो, तार छेडून कान देतो, पुन्हा घासतो, आणि घाई झाली तर सारे श्रम वाया जातात. या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते फार पूर्वीच मिळावयास हवे होते.

असेच कान देणे डॉक्टरांनाही करावे लागते, मात्र ऐकलेले दुःख केसपेपरवर मावत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. रिटा शेरॉन यांनी यासाठी समांतर नोंद ही पद्धत रूढ केली. तीत रुग्णाविषयी केसपेपरवर लिहिता न येणारे, पण मनात साचलेले, साध्या भाषेत लिहून छोट्या गटात वाचले जाते. दिवसभराची ओपीडी आणि रात्रीचे कॉल सांभाळणाऱ्यांना अशा हक्काच्या श्रोत्यांची नितांत गरज आहे.

निवासव्यवस्था एका ठिकाणी होऊ न शकल्याने प्रतिनिधींना सभागृहापर्यंत ये-जा करावी लागेल, उन्हाच्या वेळी पंखे अपुरे पडतील आणि भोजनास पंगती कराव्या लागतील, याबद्दल समिती क्षमाप्रार्थी आहे. मंडप देणारे व्यापारी, औषधविक्रेते, पाण्याचे टँकर पुरविणारे शेतकरी, घरातील खोल्या मोकळ्या करून देणारी कुटुंबे आणि नाव न सांगता देणगी देणारे नागरिक यांचे ऋण मोठे आहे. सतारमेकरांनी आज सायंकाळी आपली दुकाने प्रतिनिधींसाठी खुली ठेवली असून, जवारीचे काम तेथे प्रत्यक्ष पाहता येईल.