नाकाच्या आतील दुखणे आणि आपली हेळसांड



कार्यकारी मंडळाने आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी वैद्य नव्हे. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी हयात खेड्यापाड्यांच्या शाळांत घालविलेला निवृत्त शिक्षक आहे. परंतु एका दुखण्याच्या बाबतीत माझ्या हातून मोठी चूक घडली. ती आपणांपुढे ठेवणे मला भाग आहे, म्हणून उभा राहिलो. विषय ऐकून काहींना हसू येईल. नाकाच्या आत दुखणे, एवढाच तो आहे.

आपल्या पाथर्डी तालुक्यात पाऊस बेताचा, हवा कोरडी आणि धूळ उदंड. मढीच्या यात्रेत दिवसभर हिंडून आलेल्याने रुमालात नाक शिंकरून पाहावे, म्हणजे साक्ष पटेल. नाकाचे आतील अस्तर ओलसर असते व तो ओलावाच धूळ अडवितो. हिवाळ्यात तो सुकला की खपली धरते. खपली काढावयास बोट जाते. नखाने जखम होते. आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवी खपली तयार. कित्येकांचा घोळणा फुटतो तो यामुळेच. नाकातील बहुतेक दुखणी या साध्या जातीची असतात. नखे कापावीत, बोट आवरावे, पाणी उकळून निववून त्यात किंचित मीठ घालून त्याचे थेंब नाकात सोडावेत, नाकपुडीच्या तोंडाशी व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा, एवढ्याने ती बरी होतात. पाणी मात्र उकळलेलेच हवे. तपकिरीचे शौकीन वडीलधारे आणि चोंदलेले नाक मोकळे करणारे थेंब महिनोन्‌महिने वापरणारे तरुण, दोघेही आपल्या नाकाचे सारखेच वैरी होत. असे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे चालू ठेवले तर नाक उलट अधिकच चोंदते.

याहून जपावयाचे ते केसतूड. नाकातील केस उपटण्याची खोड असलेल्यांना ते हटकून होते. केसाच्या मुळाशी पू धरतो, शेंडा लाल होतो, ठणका लागतो. आणि मग आरशापुढे उभे राहून ते पिळण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. नाक आणि वरचा ओठ येथील शिरांचा संबंध डोळ्यांमागून थेट मेंदूच्या बाजूच्या शिरांशी आहे. पिळलेला पू त्या वाटेने आत गेला तर जिवावर बेतते. क्वचितच घडते, पण घडते. केसतुडाबरोबर ताप आला, सूज गालावर अथवा पापणीवर चढली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मुलांची तऱ्हा निराळी. माझ्या वर्गातील पहिलीच्या एका मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येई. सर्दी म्हणून महिनाभर काढे झाले. शेवटी डॉक्टरांच्या चिमट्यात चिंचोका आला, ओलाव्याने टम्म फुगलेला. तेव्हापासून एकाच बाजूचे नाक वाहणारे मूल दिसले की मी पालकांना बोलावून घेई. घरी आकड्याने टोकरू नये. वस्तू आणखी आत जाते. आणि हल्लीच्या खेळण्यांतील बटणासारखी बॅटरी नाकात गेली असेल, तर सकाळची वाटही पाहू नये. ती काही तासांतच आतील मांस जाळते.

आता माझ्या चुकीकडे वळतो. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान आज या सभेत बसले आहेत व त्यांच्या अनुमतीनेच सांगतो. २०२१ च्या मे महिन्यात कोरोनातून उठून ते घरी आले. मधुमेह जुना, त्यात इस्पितळात स्टेरॉइडची औषधे झालेली. आठवड्याने त्यांचा फोन आला, “गुरुजी, उजव्या नाकपुडीत आत ठणकते आहे.” मी जाणतेपणाच्या तोऱ्यात म्हणालो, “खपली असेल, साजूक तूप लावा.” तीन दिवसांनी ते म्हणाले, ठणका गेला, गाल मात्र बधिर वाटतो. ठणका गेला याचाच आम्हांला आनंद! तो गेला होता कारण तेथील मज्जाच मरत चालली होती. पुढे नाकातून काळसर स्राव आला, एकाचे दोन दिसू लागले, तेव्हा नगर गाठले. ती म्युकरमायकोसिस, लोक जिला काळी बुरशी म्हणत. ही बुरशी मूळची काळी नसते. माती, शेणखत, कुजका पाला यांत ती नेहमीच असते व एकापासून दुसऱ्यास लागत नाही. पण साखर वाढलेल्या, प्रतिकारशक्ती खचलेल्या शरीरात ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजविते आणि मांस मरून काळे पडते. त्याच महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदविण्यास सांगितले होते. अ‍ॅम्फोटेरिसिनची इंजेक्शने मिळता मिळत नव्हती. भाचा रात्ररात्र दुकाने पालथी घालीत होता. जीव वाचला. उजवा डोळा काढावा लागला. तीन दिवस आधी गेलो असतो तर तो वाचलाच असता असे कोणी सांगू शकत नाही. पण ते तीन दिवस माझ्या सल्ल्याने गेले.

कोरोना सरला तरी ती बुरशी व मधुमेह इथेच आहेत. म्हणून मधुमेह्याच्या नाकात एका बाजूस दुखून गाल बधिर झाला, दात हलू लागले, काळी खपली दिसली, डोळा सुजला, तर तेथे घरगुती उपाय नको. नाकाच्या शेंड्यावर नागिणीचे फोड उठले तर डोळ्यालाही धोका असतो. तेथे मंत्र-उतारा करीत बसू नये. सर्दीनंतर गाल-कपाळ दहा दिवसांवर दुखत राहिले, किंवा बरे वाटून पुन्हा उलटले, तरी दाखवावे. बोटाला न सोडणारी जुनी जखम, वारंवार फुटणारा घोळणा यांचेही तेच.

आपल्यातील जी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांवर जातात, त्यांची मला विशेष चिंता वाटते. कोपीतील चुलीचा धूर, फडातील धूळ, आणि मुकादमाची उचल फिटेपर्यंत दुखणे अंगावर काढण्याची सवय. निघण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांची साखर तरी सरकारी रुग्णालयात तपासून घ्यावी.

माझे मेहुणे आता नाकात जरा खुपले तरी मला विचारीत नाहीत. सरळ नगरची एस.टी. धरतात आणि परतल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते मला ऐकवितात.